सरासरी एका क्षणी तरी खरी होते : मध्यमान प्रमेयाची ओळख

एका महामार्गावर दोन कॅमेरे आहेत, एकमेकांपासून ६० किलोमीटरवर. वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर. एक गाडी पहिल्या कॅमेऱ्याखालून २ वाजता गेली आणि दुसऱ्याखालून बरोबर अडीच वाजता. दोन्ही ठिकाणी टिपलेला तिचा वेग ताशी ८० होता. चालकाचे म्हणणे असे, की जिथे जिथे माझा वेग मोजला तिथे तो मर्यादेच्या आतच होता. मधे मी किती वेगाने गेलो हे कुणी पाहिले?

कुणी पाहिले नाही, तरी ते कळते. अर्ध्या तासात ६० किलोमीटर म्हणजे सरासरी ताशी १२०. आणि सरासरी १२० असेल तर मधल्या कुठल्यातरी क्षणी त्या गाडीचा वेग नेमका १२० होता, याबद्दल शंकेला जागाच उरत नाही. तो क्षण कोणता हे सांगता येणार नाही. २ वाजून ७ मिनिटांनी असेल, २१ मिनिटांनी असेल, किंवा असे क्षण अनेक असतील. पण निदान एक होताच. अनेक देशांत दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजणारे कॅमेरे बसवलेले आहेत, आणि त्यांच्यामागचे गणित म्हणजे कलनशास्त्रातले, म्हणजे कॅल्क्युलसमधले, मध्यमान प्रमेय.

बहुतेकांची या प्रमेयाशी ओळख परीक्षेतल्या एका ठरावीक प्रश्नातून होते. फलन (म्हणजे एका संख्येवरून दुसरी संख्या देणारा नियम) दिलेले, अंतराल (दोन संख्यांमधला पट्टा) दिलेला, आता 'क' ची, म्हणजे सरासरी जिथे नेमकी खरी होते त्या मधल्या बिंदूची, किंमत काढा. समीकरण मांडायचे, सोडवायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. माझ्या मते या प्रमेयाचा सगळ्यात कमी कामाचा भाग तोच आहे. ज्या 'क' साठी आपण गुण मिळवतो, त्याचा पत्ता न लागताही हे प्रमेय सगळे काम करून देते, आणि त्याची खरी ताकद तिथेच आहे.

इतके उघड असेल तर सिद्ध कशाला करायचे?

गाडीचे उदाहरण ऐकल्यावर 'यात विशेष काय?' असे वाटणे साहजिक आहे. गाडी पूर्ण वेळ १२० पेक्षा हळू चालली असती, तर अर्ध्या तासात ६० किलोमीटर झालेच नसते. पूर्ण वेळ जास्त वेगाने चालली असती, तर ६० पेक्षा जास्त झाले असते. म्हणजे वेग कधी कमी होता, कधी जास्त. आणि कमीवरून जास्तीवर जाताना १२० चा आकडा वाटेत लागणारच.

हा युक्तिवाद चुकीचा नाही, पण त्यात दोन गोष्टी न सांगता धरून चालल्या आहेत. पहिली म्हणजे वेग मधले आकडे गाळून उडी मारत नाही. दुसरी जास्त खोल आहे : 'प्रत्येक क्षणी वेग १२० हून कमी, म्हणून एकूण अंतर ६० हून कमी.' हे वाक्य इतके निरुपद्रवी दिसते की त्यावर कुणी थांबत नाही. पण क्षणाचा वेग म्हणजे नेमके काय? वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, आणि एका क्षणात अंतरही शून्य, वेळही शून्य. म्हणून कलनशास्त्र त्या क्षणाभोवतीचा लहानसा कालखंड घेते, तो आणखी आणखी लहान करत जाते, आणि भागाकार ज्या संख्येच्या जवळ जवळ जात राहतो तिला त्या क्षणाचा वेग म्हणते. ही संख्या म्हणजेच अवकलज. ती त्या क्षणाच्या अगदी लगतच्या परिसराबद्दल बोलते, त्यापलीकडे एक शब्दही नाही.

अर्ध्या तासात असे क्षण अनंत आहेत आणि एकाही क्षणाला लांबी नाही. थेंबे थेंबे तळे साचे हे खरे, पण इथे थेंबाला आकारमानच नाही. मग प्रत्येक क्षणाबद्दलची माहिती एकत्र करून संपूर्ण प्रवासाबद्दल काही म्हणायचे, तर ते कशाच्या आधारावर? क्षण एका काठावर, प्रवास दुसऱ्या काठावर, आणि मधे पूल हवा. मध्यमान प्रमेय हा तो पूल आहे.

सोबत धावणारी दुसरी गाडी

सिद्धता मला फार आवडते, कारण तिच्यात एकही आकडेमोड न करता सगळे समजते.

त्याच रस्त्यावर कल्पनेतली दुसरी गाडी आणा. ती २ वाजता आपल्या गाडीबरोबरच पहिल्या कॅमेऱ्यापाशी आहे आणि अर्धा तास न ढळता ताशी १२० नेच चालते. साहजिकच अडीच वाजता ती दुसऱ्या कॅमेऱ्यापाशी पोचते, आणि तेव्हा खरी गाडीही तिथेच असते. मधल्या वेळात मात्र खरी गाडी कधी पुढे गेली असेल, कधी मागे पडली असेल.

आता फक्त या दोन गाड्यांमधल्या अंतराकडे लक्ष द्या. सुरुवातीला ते शून्य, शेवटीही शून्य. संपूर्ण वेळ ते शून्यच राहिले असेल, तर खरी गाडी सतत १२० नेच चालली आणि प्रश्न मिटला. तसे नसेल, तर समजा ती एखाद्या वेळी पुढे होती. मग ती सगळ्यात जास्त पुढे होती असा एक क्षण असणार. त्या क्षणी दोन्ही गाड्यांचे वेग काय होते? खऱ्या गाडीचा वेग जास्त असता तर आघाडी अजून वाढतच होती, म्हणजे लगेच पुढच्या क्षणांत ती त्याहून मोठी झाली असती. कमी असता तर आघाडी घटत होती, म्हणजे किंचित आधी ती त्याहून मोठी होती. दोन्ही शक्य नाही, कारण हाच सगळ्यात मोठ्या आघाडीचा क्षण आहे. म्हणून त्या क्षणी वेग सारखेच होते. कल्पनेतली गाडी १२० वर, तशी खरी गाडीही १२० वर. खरी गाडी पुढे कधीच नसेल, फक्त मागे असेल, तर सगळ्यात मागे पडल्याचा क्षण घ्या, युक्तिवाद तोच.

ही विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी पातळ केलेली सिद्धता नाही. पाठ्यपुस्तकात जिथे 'एक साहाय्यक फलन घेऊ' असे अचानक येते आणि ते कुठून आले याचा पत्ता लागत नाही, ते साहाय्यक फलन म्हणजे या दोन गाड्यांमधले अंतरच. एकदा ती दुसरी गाडी दिसली की सूत्र पाठ करावे लागत नाही.

सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे फलनाची किंमत सारखी असेल, तर मधे कुठेतरी अवकलज शून्य असतो. आपण दोन गाड्यांमधल्या अंतराबद्दल हेच वापरले. या खास प्रकाराला रोल प्रमेय म्हणतात. मिशेल रोल या फ्रेंच गणितज्ञाने १६९१ साली ते बहुपदींपुरते सिद्ध केले, आणि तेही अवकलज न वापरता, निव्वळ बीजगणिताने. हाच रोल त्या काळी नव्याने आलेल्या कलनशास्त्राचा कडवा टीकाकार होता, आणि आज प्रत्येक कलनाच्या पुस्तकात त्याचे नाव याच प्रमेयामुळे टिकून आहे. सर्वसाधारण रूपाला लाग्रांज यांचे नाव जोडले जाते. कोशी यांनी १८२३ च्या आपल्या व्याख्यानांत त्याला कलनाच्या पायात जागा दिली. रोल प्रमेयावरून मध्यमान प्रमेयाकडे जाण्याची वर सांगितलेली युक्ती ऑसियाँ बॉने यांची, एकोणिसाव्या शतकातली. त्याच्याही कितीतरी आधी, भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांची 'तात्कालिक गती' ही कल्पना वापरली होती, आणि केरळच्या गणितपरंपरेतल्या परमेश्वर यांच्या पंधराव्या शतकातल्या लिखाणात ज्या, म्हणजे साइन, या फलनासाठी या प्रमेयाच्या जातीचे सूत्र येते.

नेमके विधान, आणि त्यातल्या अटी

गाडीऐवजी कोणतेही फलन घेऊ. त्याला फ म्हणू. क्ष ही संख्या अ पासून ब पर्यंत जाते तेव्हा फ(क्ष) बदलत जाते. अट अशी, की अ ते ब या सगळ्या अंतरालात, टोके धरून, फ हे संतत असावे, म्हणजे आलेख कुठे तुटलेला नसावा; आणि टोके वगळून मधल्या प्रत्येक बिंदूवर त्याचा अवकलज असावा, म्हणजे आलेखाला तिथे उभी नसलेली, ठरावीक चढाची स्पर्शिका असावी. मग अ आणि ब यांच्या मधे निदान एक क असा सापडतो, की

फ′(क) = [ फ(ब) − फ(अ) ] ÷ (ब − अ)

उजवी बाजू म्हणजे आलेखाची दोन टोके जोडणाऱ्या जीवेचा चढ, अर्थात सरासरी बदल. डावी बाजू म्हणजे क पाशी काढलेल्या स्पर्शिकेचा चढ. थोडक्यात, आलेखाच्या टोकांना जोडणारी जीवा काढा; तिला समांतर अशी एक तरी स्पर्शिका मधे सापडेल. जीवा तिरपी ठेवूनच ती हळूहळू समांतर वर सरकवत न्या. आलेखाला सोडून जाण्याआधी ती त्याला जिथे शेवटची टेकते, तिथे ती स्पर्शिका झालेली असते. आलेख जीवेच्या वर कुठेच नसेल तर खाली सरकवा.

अटी पाठ करण्यापेक्षा त्या मोडून बघाव्यात. उणे १ ते १ या अंतरालात क्ष चे निरपेक्ष मूल्य घ्या. आलेख इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. दोन्ही टोकांना किंमत १, म्हणून जीवा आडवी, चढ शून्य. पण आलेखाचा चढ एकतर उणे १ किंवा अधिक १. शून्य कुठेच नाही. शून्यापाशी टोकदार कोपरा आहे, तिथे अवकलजच नाही, आणि एकाच बिंदूवरच्या या दोषाने प्रमेय कोसळते. गाडीच्या भाषेत सांगायचे तर वेग एका क्षणात, मधले आकडे न घेता, मागच्या दिशेवरून पुढच्या दिशेवर आला.

सांतत्याची अटही तितकीच महत्त्वाची आहे. ० पासून १ च्या अलीकडेपर्यंत फ(क्ष) = क्ष असे घ्या, आणि नेमक्या १ या बिंदूवर फ ची किंमत ० करून टाका. दोन्ही टोकांना शून्य, सरासरी शून्य, पण मधे सगळीकडे चढ १. गाडी शेवटच्या क्षणी अदृश्य होऊन सुरुवातीच्या जागी प्रकट झाली असे हे फलन म्हणते.

टोकांवर मात्र अवकलजाची गरज नाही, आणि ही सूट उगाच दिलेली नाही. ० ते १ मध्ये क्ष चे वर्गमूळ घ्या. शून्यापाशी आलेख सरळ उभा चढतो, तिथे अवकलज नाही. तरी प्रमेय लागू पडते : जीवेचा चढ १, आणि १ ÷ (२√क) = १ सोडवले की क = १/४. तो मधे आहे.

आणखी एक अट सहसा कुणी बोलून दाखवत नाही, कारण ती आपल्या पायाखालीच असते. सिद्धतेत आपण 'सगळ्यात मोठ्या आघाडीचा एक क्षण असणार' असे म्हणालो. तो असतो हे कशावरून? बंद अंतरालातले संतत फलन आपली सर्वात मोठी किंमत प्रत्यक्षात गाठतेच, हे कार्ल वायरश्ट्रास यांच्या नावाने ओळखले जाणारे विधान आहे, आणि संख्यारेषेत कुठेही भोक नाही या गोष्टीवर ते उभे आहे. संख्यारेषेवर फक्त परिमेय संख्या असत्या तर मध्यमान प्रमेय खोटे ठरले असते. उदाहरण अगदी साधे आहे. ० ते १ मध्ये क्ष चा घन घ्या. जीवेचा चढ १. अवकलज ३क², म्हणून क = १/√३. ही संख्या अपरिमेय आहे. फक्त परिमेय संख्यांच्या जगात अशी क सापडलीच नसती. गाडीच्या साध्या गोष्टीत वास्तव संख्यांची अखंडता दडून बसलेली असते, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा बराच वेळ पुढे वाचवले नव्हते.

मधला म्हणजे कुठला मधला?

क ची जागा शोधणे कामाचे नाही असे मी वर म्हटले, पण ती कुठे पडते हे पाहण्यात एक वेगळी मजा आहे. नावात 'मध्य' का आहे ते त्यातून दिसते.

क्ष चा वर्ग घ्या. जीवेचा चढ (ब² − अ²) ÷ (ब − अ), म्हणजेच अ + ब. अवकलज २क. म्हणून क = (अ + ब) ÷ २, अगदी मधोमध. परवलयाचा, म्हणजे क्ष² च्या आलेखाचा, हा गुण आर्किमिडीजला इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ठाऊक होता. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या विद्वानांनी हीच गोष्ट गतीच्या भाषेत सांगितली : एकसारखा वेग वाढवत जाणारी वस्तू जितके अंतर कापते, तितकेच अंतर ती मधल्या क्षणाच्या वेगाने सारखी चालली असती तरी कापले असते. वरून सोडलेला दगड ४ सेकंद पडत असेल आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तर त्याचा सरासरी वेग हा बरोबर दुसऱ्या सेकंदाच्या अखेरीचा वेग असतो.

आता १ ÷ क्ष घ्या, अ आणि ब दोन्ही धन. जीवेचा चढ येतो −१ ÷ (अब), अवकलज −१ ÷ क². म्हणून क = √(अब). हा भूमितीय मध्य! लॉगॅरिदमचे फलन घेतले तर क येतो (ब − अ) भागिले ब आणि अ यांच्या नैसर्गिक लॉगॅरिदममधला फरक. याला लॉगॅरिदमिक मध्य म्हणतात, आणि उष्णता विनिमयक, म्हणजे एका प्रवाहातली उष्णता दुसऱ्याला देणारी यंत्रे, बनवणारे अभियंते दोन टोकांच्या तापमानफरकांचा नेमका हाच मध्य काढतात. प्रत्येक फलन आपापला 'मध्य' घेऊन येते. शाळेत शिकलेली सरासरी हा त्यातला एक.

उलट दिशेने मात्र जाता येत नाही. प्रत्येक जीवेला समांतर स्पर्शिका असते, पण प्रत्येक स्पर्शिकेला समांतर जीवा असेलच असे नाही. क्ष च्या घनाला शून्यापाशी आडवी स्पर्शिका आहे. पण हे फलन सतत वाढते, त्यामुळे त्याची एकही जीवा आडवी नाही.

क चा पत्ता न लागता होणारी कामे

आता मूळ मुद्द्याकडे. खालच्या प्रत्येक ठिकाणी क वापरला आहे आणि कुठेही तो शोधलेला नाही.

एखाद्या अंतरालात अवकलज सगळीकडे शून्य असेल, तर ते फलन तिथे स्थिर असते. हे आपण समाकलन, म्हणजे अवकलजावरून मूळ फलन शोधणे, शिकताना पहिल्या दिवसापासून वापरतो. शेवटी 'अधिक स्थिरांक' लिहितो ते याच जोरावर. दोन फलनांचे अवकलज सारखे असतील तर त्यांच्या वजाबाकीचा अवकलज शून्य, म्हणून वजाबाकी स्थिर, म्हणून उत्तरात फरक पडला तर तो एका स्थिरांकाचाच. पण अवकलज शून्य म्हणजे फलन स्थिर, हे कशावरून? कोणतेही दोन बिंदू घ्या. त्यांच्यातला फलनाचा फरक म्हणजे फ′(क) गुणिले अंतर. क कुठेही असो, तिथे फ′ शून्यच आहे. म्हणून फरक शून्य. संपले. क कुठे आहे हे विचारायची गरजच पडली नाही, कारण जी गोष्ट सगळीकडे खरी आहे ती क पाशीही खरीच असणार.

हे सोपे वाटते म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. 'सगळीकडे' या शब्दातून थोडीशी गळती होऊ द्या आणि काय होते ते पाहा. कँटर यांच्या नावाचे एक फलन आहे. ते ० पासून १ पर्यंत चढते, कुठेही तुटत नाही, आणि तरी त्याचा अवकलज 'जवळजवळ सगळीकडे' शून्य असतो. जिथे तसे नाही ते बिंदू इतके विरळ की त्यांची एकूण लांबी शून्य. असे फलन न चढता चढते. 'जवळजवळ' आणि 'प्रत्येक बिंदूवर' यांत जे अंतर आहे, त्यात एक अख्खी चढण मावते. अंतराल अखंड असणेही तितकेच गरजेचे आहे. ऋण संख्यांवर −१ आणि धन संख्यांवर १ असे फलन घेतले तर त्याचा अवकलज जिथे फलन आहे तिथे सगळीकडे शून्य आहे, पण ते स्थिर नाही, कारण शून्यापाशी रस्ताच तुटला आहे.

त्याच धर्तीवर, अवकलज सगळीकडे धन असेल तर फलन वाढते असते. फरक म्हणजे धन चढ गुणिले धन अंतर, बस्स. आलेख काढताना चिन्हांचा तक्ता करून आपण जे बाण वरखाली काढतो, ते सगळे याच्यावर टेकलेले असतात. समीकरणाला मुळे किती, हेही यातून कळते. क्ष³ + क्ष − १ = ० याला किती वास्तव मुळे? अवकलज ३क्ष² + १, कधीच शून्य नाही. दोन मुळे असती तर रोल प्रमेयानुसार त्यांच्या मधे अवकलज शून्य व्हायला हवा होता. म्हणून जास्तीत जास्त एक. आणि क्ष = ० ला किंमत −१, क्ष = १ ला किंमत १, म्हणून एक आहेच. मूळ न काढता मुळांची संख्या ठरली.

अंदाज बांधायलाही हे प्रमेय फार उपयोगी आहे. १०१ चे वर्गमूळ घ्या. १०० ते १०१ या अंतरालात वर्गमूळाचे फलन घेतले तर

√१०१ = १० + १ ÷ (२√क), जिथे क हा १०० आणि १०१ यांच्या मधे.

क माहीत नाही. पण √क हा १० पेक्षा मोठा, म्हणून √१०१ हे १०.०५ पेक्षा लहान. आता हीच माहिती परत वापरा : √क हा १०.०५ पेक्षा लहान, म्हणून १ ÷ (२√क) हे १ ÷ २०.१ पेक्षा मोठे, म्हणजे ०.०४९७५ पेक्षा मोठे. म्हणजे √१०१ हे १०.०४९७५ आणि १०.०५ यांच्या मधे अडकले. प्रत्यक्षातली किंमत १०.०४९८७... अशी आहे. कॅल्क्युलेटर उत्तर देतो. इथे उत्तरासोबत चूक जास्तीत जास्त किती याची हमीही मिळाली, आणि ती क न कळता मिळाली. फलनाची किंमत बहुपदीने अंदाजणाऱ्या टेलरच्या सूत्रात शेवटी जे शेषपद येते, ज्यात पुन्हा एक अज्ञात क असतो, ते याच विचाराचे मोठे रूप आहे.

याच विचाराने साइन फलनाबद्दल एक सुंदर गोष्ट मिळते. साइनचा अवकलज कोसाइन, आणि कोसाइनचे निरपेक्ष मूल्य १ च्या वर कधीच जात नाही. म्हणून कोणत्याही दोन कोनांच्या साइनमधला फरक त्या कोनांमधल्या फरकापेक्षा मोठा असू शकत नाही, कोन रेडियनमध्ये मोजले असतील तर. कोन मोजताना झालेली चूक साइन काढताना फुगत नाही, असा याचा अर्थ.

एक उदाहरण मी मुद्दाम सविस्तर देतो, कारण ते सरासरीच्या एक पायरी पुढे जाते. एक आगगाडी एका स्थानकावरून निघते आणि १००० मीटर दूर असलेल्या स्थानकावर १०० सेकंदांनी थांबते. सुरुवातीला वेग शून्य, शेवटी शून्य. आतले प्रवासी किती जोरात पुढेमागे ढकलले गेले असतील? त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, कुठल्यातरी क्षणी निदान ०.४ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका होता, वाढीचा किंवा घटीचा, हे नक्की सांगता येते. समजा तो सतत ०.४ पेक्षा कमीच होता. मग निघाल्यापासून स सेकंदांनी वेग ०.४ × स पेक्षा कमी असणार. हे वेगाला लावलेले मध्यमान प्रमेय. आता पहिल्या ५० सेकंदांत ०.२ × स² आणि प्रत्यक्ष अंतर यांतला फरक सतत वाढता राहतो, म्हणून प्रत्यक्ष अंतर ०.२ × ५०² म्हणजे ५०० मीटरपेक्षा कमी. शेवटची ५० सेकंदे थांबण्याच्या क्षणापासून उलट मागे पाहिली तर तोच हिशेब, तिथेही ५०० पेक्षा कमी. एकूण १००० पेक्षा कमी. पण गाडी तर १००० मीटर गेली. म्हणून आपले मानलेलेच चूक होते. गाडी मधे कशी चालवली, कुठे जोर दिला, कुठे ब्रेक लावला, यातले काहीही माहीत नसताना हे विधान ठाम उभे राहते.

जिथे हे प्रमेय चालत नाही

वरच्या सगळ्या उदाहरणांत मोजलेली गोष्ट एकच संख्या होती : रस्त्यावरून कापलेले अंतर, वर्गमूळ, साइनची किंमत. दिशा आली की चित्र बदलते. वर्तुळाकार मार्गावर एखादा धावपटू एकसारख्या वेगाने एक पूर्ण फेरी मारून निघाल्या जागी परत येतो. जागेतला एकूण बदल शून्य, म्हणून दिशेसह मोजलेला सरासरी वेग शून्य. पण तो एका क्षणालाही थांबलेला नाही. 'कुठल्यातरी क्षणी वेग शून्य होता' हे इथे साफ खोटे आहे.

यात विरोधाभास नाही. पूर्व-पश्चिम दिशेतला त्याचा वेग काही क्षणी शून्य होता, उत्तर-दक्षिण दिशेतलाही काही क्षणी शून्य होता. प्रत्येक दिशेला प्रमेय स्वतंत्रपणे लागू पडते. पण दोन्हींसाठी मिळणारा क वेगवेगळा आहे, आणि ते दोन क्षण एकच असावेत अशी हमी प्रमेय देत नाही. महामार्गावरच्या गाडीचा रस्ता वळणावळणाचा असला तरी आपला निष्कर्ष ढळला नाही, कारण तिथे आपण रस्त्यावरून मोजलेले किलोमीटर घेतले होते, नकाशावरची जागा नाही.

दिशा असलेल्या राशींसाठी समानता हातातून जाते, पण असमता राहते. धावपटूचा वेग प्रत्येक क्षणी सेकंदाला ५ मीटरपेक्षा जास्त नसेल, तर २० सेकंदांनी तो निघाल्या जागेपासून १०० मीटरपेक्षा दूर असू शकत नाही, मग वाट कितीही वाकडी असो. वर्गमूळाचा अंदाज, साइनमधला फरक, आगगाडीचे त्वरण, या प्रत्येक ठिकाणी आपण शेवटी वापरली ती अशी असमताच.